मानेवरची ओल

सुई कातडीतून आरपार गेली आणि लस पलीकडून बाहेर आली, हे तिला बोटाला ओल लागली तेव्हा कळलं. डाव्या हाताच्या चिमटीत मानेमागची सैल कातडी तंबूसारखी उचललेली, उजव्या हातात सिरिंज, आणि दट्ट्या तळाला टेकलेला. म्हणजे जे जायचं होतं ते गेलं होतं. कुठे गेलं एवढाच प्रश्न होता. "झालं?" अप्पांनी विचारलं. "झालं," ती म्हणाली. अप्पांनी हात सोडले तशी पिल्लू टेबलावरच्या जुन्या टॉवेलवर उभं राहिलं आणि अंग झाडून मोकळं झालं. मानेवरचे केस चिकटून त्यांची दोन-तीन टोकं झाली होती. तिने बोट नाकाशी नेलं. कसलाच वास नाही. पाण्यासारखं पाणी. सगळंच बाहेर पडलं असेल, की अर्धं, की सुई ओढता ओढता शेवटचा एखादा थेंब? थेंबभर सांडलं तरी केस एवढे भिजतात का? घरात खरकटं पाणी सांडलं की फरशीवर थेंबाचं तळं होतं, तसं असेल. असेल. तिने वर पाहिलं तर अप्पा तिच्याकडेच बघत होते, आणि तिने पाहिल्याबरोबर ते चष्मा पुसायला लागले. ऐन वेळी त्यांचा हात सैल पडला होता. पिल्लू पुढे सरकलं होतं. ते तिने पाहिलं होतं, आणि तिने पाहिलेलं त्यांनी.

ही तिसरी, शेवटची. आधीच्या दोघांचं सुरळीत पार पडलं होतं. फेज तर हूं की चूं न करता बसला, उलट सिरिंजचं टोपण चावायला निघाला. न्यूट्रल थोडा कुरकुरला. अर्थिंग सगळ्यात लहान, अंगाने काडी, तिला शेवटी घ्यायचं ठरवलं होतं, हात बसला म्हणजे बरं म्हणून. नावं अप्पांची. अप्पा म्हणजे तिचे सासरे, उभा जन्म लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचण्यात गेलेला माणूस. पिल्लं जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत सापडली, तेव्हा "माझ्याच खात्यातली आहेत, दुसरी काय नावं ठेवणार?" म्हणाले. पण हे नंतर. आधी ते दारातच आडवे उभे राहिले होते. कुत्रं या जातीशी त्यांचं जुनं वैर. कुठल्या कुठल्या फाटकातून, गॅलरीखालून, गाडीच्या आडून कुत्री त्यांच्या पोटरीला येऊन लागलेली, आणि त्या काळची ती पोटातली चौदा इंजेक्शनं त्यांनी एकदा नव्हे, दोनदा घेतलेली. "बेंबीच्या भोवती घड्याळ काढलंय माझ्या," ते सांगत. "बारा आकडे आणि वर दोन काटे." पिल्लांची आई गल्लीच्या तोंडाशी टेम्पोखाली गेली होती आणि वॉचमन म्हणत होता की साफसफाईवाले आले की पिल्लंही उचलून नेतील. ती खोका घेऊन जिन्यात उभी होती, खोक्यातून खरवडल्याचा आवाज येत होता, आणि अप्पा दारात. "दोन दिवस," ती म्हणाली होती. अप्पांनी खोक्यात डोकावलं. फेज त्यांच्या बोटाला लुचायला लागला. अप्पांनी बोट काढलं नाही. घाबरून काढलं नाही की कसं, हे तिला आजतागायत कळलेलं नाही.

लस घरी द्यायची ही कल्पना डॉक्टरीणबाईंची. त्यांचा दवाखाना टायरच्या दुकानाशेजारी, आत शिरलं की रबराचा आणि औषधांचा वास एकमेकांत मिसळलेला. तिने आधी तिघांचा मिळून खर्च विचारला, मग दोघांचा, आणि मग काहीच न विचारता खोक्याच्या कडा नीट करत बसली. बाईंनी तिच्याकडे बघितलं. "सासऱ्यांना इन्सुलिन कोण देतं?" "मीच." "मग काय! हात तयार आहे. कुप्या मी पडेल त्या किमतीला देते, बर्फात घालून न्या, भुकटीत पाणी घातलं की ताबडतोब द्या. मानेमागे, कातडीखाली. भीती वाटली तर इन्सुलिन समजून द्या." बाई इतकं सोपं करून बोलल्या की आपल्याला अवघड वाटतंय हे बोलून दाखवायची तिला लाज वाटली. थर्मास छातीशी धरून ती घरी आली, एखाद्याच्या ऑपरेशनचं सामान घेऊन चालल्यासारखी. फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या शेजारी कुप्या ठेवल्या. रात्री-अपरात्री नाही, पण दिवसातून किती वेळा ती फ्रिज उघडून बघत होती ते तिचं तिलाच माहीत. अप्पा म्हणाले, "सारखं दार उघडलंस तर त्यांना ताप येईल."

इन्सुलिन द्यायला ती शिकली तेही असंच, कोणी विचारलं नाही म्हणून. आधी तिचा नवरा द्यायचा. मग त्याला दुसऱ्या शहरात काम लागलं. मग त्याचे फोन आठवड्यावर गेले, मग महिन्यावर, मग त्याच्या मागे भांडी लावल्याचा आवाज यायला लागला, आणि एकदा एका बाईचा आवाज, "जेवायला घेऊ का?" इतकंच. त्यावर भांडण झालं नाही. भांडायला समोर माणूस लागतो. तो गेला त्या सकाळी अप्पांची सुई कोण टोचणार हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, आणि न्याहारीच्या वेळी अप्पा शर्ट वर करून, पोट उघडं टाकून खुर्चीत बसले, मुलाची वाट बघितल्यासारखे. तिने हात धुतले आणि पेन उचललं. अप्पा छताकडे बघत म्हणाले, "घड्याळाच्या सहाच्या खाली जागा मोकळी आहे." ती हसली आणि टोचून मोकळी झाली. त्यानंतर अप्पांनी इथे राहायचं की मुलाकडे जायचं, याचं बोलणं कधी निघालंच नाही. ते राहिले. तीही राहिली. दोघांमधलं नातं ज्याच्यामुळे होतं तो मधून उठून गेला आणि ही दोघं पंगतीत शेजारी शेजारी बसून राहावीत तशी राहिली. कधी कधी भाजी चिरताना तिला वाटायचं, हा माणूस माझा कोण? आणि उत्तर शोधायच्या आत ते आतून ओरडायचे, "अगं, माझा चष्मा बघितलास का?" आणि चष्मा सापडेपर्यंत प्रश्न राहून जायचा.

त्या ओलीचं तिने डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं. "थोडी तरी आत गेली असेल," बाई म्हणाल्या. "नक्की सांगता येत नाही. हवी तर आणखी एक कुपी घेऊन जा." हवी तर. तिने मनातल्या मनात महिन्याच्या खर्चाकडे पाहिलं. अप्पांचं इन्सुलिन संपत आलेलं होतं. "दुसरा डोस आहेच ना पुढे?" तिने विचारलं, आणि बाई "हो, तो आहेच," म्हणाल्या, अशा आवाजात, की त्यात होकारही होता आणि दुसरंही काही होतं. मग ती अर्थिंगवर डोळा ठेवून राहिली. कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी बाल्कनीत. अर्थिंगचं नाक ओलं आहे का, अर्थिंग जेवली का, अर्थिंग इतरांच्या मागे का राहते, कोपऱ्यात का बसते. पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून झोपायची तेव्हा ती तिघांतून नेमकी अर्थिंगची बरगडी शोधून त्यावर हात ठेवायची आणि श्वास मोजल्यासारखं करायची, न मोजताच. फेजकडे बघायची गरजच नव्हती. तो वाटीत पाय घालून खायचा, अप्पांच्या पायजम्याची नाडी ओढत त्यांना घरभर फिरवायचा, आणि आयुष्यभर कुत्र्यांना शिव्या घातलेले अप्पा "अरे हरामखोरा, सोड, पडेन ना मी!" असं म्हणत मुद्दाम हळू चालायचे.

फेजने एका सकाळी वाटीकडे बघून तोंड फिरवलं. तिने वाटी पुढे सरकवली, अर्थिंगने खाल्लं, आणि तिला बरंच वाटलं. लाज वाटावी इतकं बरं. दुपारपर्यंत फेजला ओकाऱ्या सुरू झाल्या, संध्याकाळी बाल्कनीत जो वास आला तो तिने आधी कधी घेतला नव्हता, लोखंडासारखा, गोडसर. डॉक्टरीणबाईंनी चाचणीच्या पट्टीवर काहीतरी लावलं, दोन रेघा उमटल्या. "पार्व्हो," त्या म्हणाल्या. "आतडी सोलून निघतात यात." "पण याला तर लस नीट लागली होती," ती म्हणाली. "याला नाही, दुसरीला…" बाई हात धुवत होत्या. "लस टोचली आणि लगेच कवच चढलं असं नसतं हो. कदाचित मीटरच्या खोलीतच लागण झाली असेल. किंवा असंही होतं, आईचं दूध ज्याने भरपूर प्यायलंय त्याच्या अंगात आईची ताकद असते, ती लसच खाऊन टाकते. मग आईची ताकद ओसरते आणि लसही नसते. मधल्या मध्ये पिल्लू उघडं पडतं." ती ऐकत राहिली. तिला वाटलं होतं कुठेतरी एक चूक असेल, एका जागी, बोट ठेवता येईल अशी. ओल होती तशी. इथे तर जो दांडगा, जो सगळ्यांना ढकलून आईला लुचला असेल, त्याच्या मुळावर ते दूधच आलं असं बाई म्हणत होत्या. की तसंही नाही. "नक्की काय झालं?" तिने विचारलं. "ते आता सांगता येत नाही," बाई म्हणाल्या, आणि या बाईंचा राग येतो आहे हे तिला समजलं, आणि रागवायला काही कारण नाही हेही समजलं.

दवाखान्यात ठेवणं शक्य नव्हतं. सलाईन घरी लावायचं ठरलं, तेही कातडीखालीच. कपडे वाळत घालायच्या दांडीला अप्पांनी बाटली टांगली, तिच्या नळीला गाठ पडू नये म्हणून वायर बांधायच्या पट्टीने ती भिंतीशी नेली, इतकी सुबक, की कुणी तपासणीला आलं असतं तर शाबासकी दिली असती. खांद्यांमध्ये पाणी साचून फेजच्या पाठीवर लिबलिबीत उंचवटा यायचा आणि हळूहळू जिरायचा. तो जिरला की अप्पा म्हणायचे, "घेतोय. ओढून घेतोय बघ." ती कामाला जाताना ते बाल्कनीत पाट टाकून बसलेले असायचे आणि परत आली तरी तसेच. तिने न्यूट्रल आणि अर्थिंगला स्वयंपाकघरात वेगळं ठेवलं, फरशी ब्लीचने पुसली, हात इतके धुतले की बोटांची सालं निघाली. पुसायचं काय आणि कुठपर्यंत, हे काही कळत नव्हतं. जे दिसत नाही ते पुसलं की नाही हे कसं कळणार?

तिचं काम दुरुस्ती केंद्रात. फ्रिज बिघडलेले, धुलाई यंत्रं बिघडलेले लोक फोन करत आणि ती कानाला यंत्र लावून समोरच्या कागदावरची वाक्यं म्हणे. आपली तक्रार नोंदवली आहे. आमचा माणूस येईल. माणूस कधी येईल हे तिला माहीत नसायचं. येईल की नाही हेही नसायचं. स्वतःचा फोन कपाटात कुलूपबंद करून मगच खुर्चीवर बसायची परवानगी, आणि प्रत्येक बोलणं ध्वनिमुद्रित. त्या दिवशी दुपारी, नेहमीसारखी घंटी वाजली आणि ती म्हणाली, "नमस्कार, दुरुस्ती केंद्र. आपली तक्रार सांगा." पलीकडे कुणीतरी नुसता श्वास घेत होतं. मग अप्पांचा आवाज आला. "मी बोलतोय. फ्रिजवर हा नंबर होता. कधीचं ते गाणंच वाजतंय. आधी एका मुलीने उचललं, तिला तुझं नाव सांगितलं तेव्हा कुठे…"

"बोला," ती म्हणाली. मागे सुपरवायझर बाई चहाचा कप घेऊन येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना मधूनच एखादं बोलणं दुसऱ्या यंत्रावर ऐकायची सवय होती आणि त्यांनी ते यंत्र कानाला लावलंही.

"फेज गेला," अप्पा म्हणाले.

समोरचा कागद होता तिथेच होता. त्यावर याच्यासाठी वाक्य नव्हतं. "कधी?" तिने विचारलं.

"आत्ता. बाटली अर्धी झाली होती. मला वाटलं, डोळा लागला."

"बाकीचं… बाकीचं चालू आहे?"

"न्यूट्रलपण ढिला वाटतोय. सकाळपासून."

"आणि अर्थिंग?"

"अर्थिंग ठीक आहे."

सुपरवायझर बाईंनी तिच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं. "वीज मंडळाकडे पाठव," त्या कुजबुजल्या. "हे बाहेरच्या लाइनचं दिसतंय. सांग, आमच्याकडे येत नाही." आणि समजूतदारपणे मान हलवत तिथेच थांबल्या.

"हे," ती म्हणाली, "हे आमच्याकडे येत नाही."

 अप्पा म्हणाले, "हं. माहितीये मला. मी आपलं नुसतं सांगितलं." फोन ठेवल्याचा आवाज आला. आणि लगेच पुढची घंटी. कुणाच्या तरी यंत्रातलं पाणी जात नव्हतं, कपडे आत तरंगत होते, बाई रडकुंडीला आली होती. ती कागदावरची वाक्यं म्हणत राहिली. तिचा आवाज अगदी साफ होता. तिला त्या आवाजाचं आश्चर्य वाटत होतं, की हा आपल्यातून येतो तरी कुठून, आणि याला काहीच कसं कळलेलं नाही.

न्यूट्रलला दवाखान्यात नेताना, बाटली लावण्याआधीच, तो तिच्या मांडीवर गेला, रिक्षात. तोवर काय करायचं ते सगळं दोघांना पाठ झालं होतं, आणि पाठ झालेलं काहीच करायला मिळालं नाही. परत येताना तिच्याकडे रिकामा टॉवेल होता. तो टाकावा की धुवावा हे न ठरल्यामुळे ती तो घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. टेम्पो येत-जात होते.

त्या संध्याकाळी अप्पा जेवेनात. तिने इन्सुलिनचं पेन काढलं आणि परत ठेवलं, न जेवता ते देता येत नव्हतं. "दोन घास खा," ती म्हणाली. ते खुर्चीत बसून स्वतःच्या हातांकडे बघत होते. "माझा हात सुटला होता," ते म्हणाले. "मुद्दाम नाही. तिने मान वळवली, दात दिसले एवढेसे, आणि मला आपलं वाटलं चावते आता. एवढ्याशा पिल्लाला भ्यालो मी."

"ते अर्थिंगच्या वेळी, अप्पा. तिला काही झालेलं नाही."

"तेच तर म्हणतोय ना मी!" ते एकदम ओरडले. अर्थिंग स्वयंपाकघरातून पळत आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहून एकदा यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागली. अप्पांनी आवाज खाली आणला. "ज्यांना नीट धरलं ते गेले. जिला सोडलं ती राहिली. मग मी त्या हातांचं करू काय?" तिला सांगावंसं वाटलं की डॉक्टरीणबाई म्हणतात आईच्या दुधामुळेही होतं, लागण आधीचीही असेल, यात हातांचा काही संबंध नसेल. पण ते सगळं तिने स्वतःला इतक्यांदा सांगून पाहिलं होतं, की त्या शब्दांना आता चव राहिली नव्हती. तिने भात कालवून ताट त्यांच्या पुढे ठेवलं. बऱ्याच वेळाने त्यांनी घास घेतला. मग तिने पेन काढलं आणि त्यांनी शर्ट वर केला.

अर्थिंगला न्यायला एक जोडपं येणार होतं. तो शाळेची बस चालवायचा, त्याची बायको त्याच बसमध्ये मुलं चढवा-उतरवायचं काम करायची. वॉचमनने त्यांना सांगितलं होतं. त्यांचं घर तळमजल्यावर, पुढे थोडी मोकळी जागा, कुणाची आडकाठी नाही. इथे घरमालकाने कुत्रं नको म्हणून दोनदा निरोप पाठवला होता. सगळं जमून आल्यासारखं होतं. अप्पांनी सकाळी अर्थिंगला पुसून काढलं आणि त्यांनी स्वतः स्वच्छ शर्ट घातला. जोडपं आलं, बसलं, पाणी प्यालं. बायको जमिनीवरच बसली आणि अर्थिंग तिच्या मांडीवर चढून तिच्या बांगड्या हुंगायला लागली. "किती हलकी आहे हो!" ती म्हणाली. तिचा चेहरा असा झाला, की अर्थिंग जवळजवळ त्यांच्या घरी पोचल्यासारखीच झाली.

"इंजेक्शनं झालीत ना?" बसवाल्याने विचारलं.

"झालीत की," अप्पा ताबडतोब म्हणाले. "घरीच दिलं. स्वच्छ, व्यवस्थित. बघा कशी टुणटुणीत आहे."

"नाही, विचारलं एवढ्याचसाठी," तो म्हणाला, "घरी आमचा एक म्हातारा कुत्रा आहे. हिचा भाऊ. म्हणजे माझ्या बायकोचा," आणि हसला. "माझ्याआधी तो होता हिच्या आयुष्यात. त्याला काही बाधायला नको."

गप्प बसायचं असं तिचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे ठरवलं नव्हतं, पण आपण गप्प बसणार हे तिला कालपासून माहीत होतं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. त्या बाईच्या मांडीत अर्थिंग डोळे मिटत चालली होती. हिच्या अंगात काय आहे? लस आहे, की आईचं दूध, की तेच, जे त्या दोघांच्या अंगात होतं आणि इथे फक्त अजून वर आलेलं नाही? आणि ते नसलं तरी हिच्या पायांना, केसांना, या घरातून निघणाऱ्या कशाकशाला काय चिकटलेलं आहे?

"एकच दिलंय," ती म्हणाली. "तेही आत गेलं की बाहेर सांडलं, मला माहीत नाही. हिचे दोघे भाऊ गेले. याच घरात. तुमच्या म्हाताऱ्याला जुनी इंजेक्शनं दिलेली असतील तर काही होणार नाही बहुधा. पण मला सांगता येत नाही."

खोलीत पंखा फिरत होता. बसवाला बायकोकडे बघत होता. बायकोने अर्थिंगला मांडीवरून उचललं, दोन्ही हातांनी, झोप मोडू नये इतकं सावकाश, आणि जमिनीवर ठेवलं. "बरं केलंत सांगितलंत," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. मग इकडेतिकडे बघून तिने विचारलं, "हात कुठे धुऊ?"

बसवाल्याची बायको आत गेली. नळ सुरू झाला. साबणाची वडी ठेवल्याचा, पुन्हा उचलल्याचा आवाज. ती बाई कोपरापर्यंत धूत असावी, बांगड्या वर सारून, कारण बांगड्यांचा आवाज येत होता. बाहेर तिघंही ते पाणी ऐकत उभी राहिली. खूप वेळ वाहिलं ते.

दार लागल्यावर अप्पा म्हणाले, "कोणी विचारलं होतं तुला एवढं?"

"त्यांनीच विचारलं की."

"त्यांनी झालीत ना एवढंच विचारलं होतं." ते खुर्चीत बसले. स्वच्छ शर्टाचं वरचं बटण त्यांनी काढलं, मग पुन्हा लावलं. "जागा होती गं तिथे. पळायला जागा होती."

 अर्थिंग जागी झाली होती. ती दारापर्यंत गेली आणि त्या बाईच्या चपला जिथे होत्या तिथली फरशी हुंगायला लागली. सगळीकडून हुंगून झाल्यावर तिने दाराखालच्या फटीला नाक लावलं. शेपूट जरा हलली. जिन्यात पावलं वाजली, ती वरच्या मजल्याकडे गेली. शेपूट थांबली. आता अर्थिंग वळेल, आपल्याकडे येईल, असं वाटून ती खाली वाकली, हात पुढे करून. पण अर्थिंगने दाराकडे तोंड करून तिथेच अंग टाकलं, आणि ती वाकलेली तशीच राहिली, हात पुढे, कारण आता तो मागे घ्यायचा म्हटलं तरी कशासाठी घ्यायचा, हे तिला सुचत नव्हतं.